दारू महागली आणि साखर अर्धा किलोवर आली

वेंगुर्ले तालुक्यात बंदराच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे. उधारीची वही मीच लिहिते, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते न विचारताही मला कळतं.

१० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. क्वार्टरची किमान किंमत ठरली, देशी ८० रुपये आणि भारतात बनणारी विदेशी २०५. मला मनापासून बरं वाटलं होतं. महाग झाली की कमी पितील, असाच माझा हिशेब.

जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळ्यांचाच हात आखडतो. म्हणून ऑगस्टात होड्या पाण्यात जाईपर्यंत थांबले आणि मग वही बघत राहिले. एका घरी आठवड्याला किलोभर साखर जायची, ती अर्धा किलो झाली. तेलाची पिशवी लहान झाली. चहापावडर दहाच्या पुडीवर आली. घरधन्याची क्वार्टर मात्र होती तशीच. वरचे पैसे साखरेतून निघाले. त्या घरची वहिनी काही बोलत नाही, पिशवी पदराखाली धरून निघून जाते.

स्कॉटलंडने २०१८ पासून दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर किमान किंमत लावली. १० मिली शुद्ध अल्कोहोलला ५० पेन्स, सप्टेंबर २०२४ पासून ६५. केवळ दारूमुळे होणारे मृत्यू त्याने सुमारे १३ टक्के कमी झाले, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. म्हणजे किंमत वाढवणं फुकट जात नाही, आणि माझा या वाढीला पाठिंबाच आहे. पण तिथल्याच अभ्यासात हेही निघालं की ज्यांना दारूशिवाय सकाळी हात थरथरतात त्यांचं पिणं कमी झालं नाही. काहींनी जेवणाखाण्याचे पैसे तिकडे वळवले. ते वाचलं तेव्हा मला आमची वहीच आठवली.

आणि आमच्या बाजूला गोवा आहे, तिथे दारू स्वस्त. दुकानावर बसणाऱ्या एका पोराला मी विचारलं, आता परवडते का रे? तो म्हणाला, "काकी, हयली म्हागली तर म्हागांदे, आमका गोयची गावता." गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर दारूचा टेम्पो पकडला जातो, लाखोंचा मुद्देमाल जप्त झाल्याची बातमी येते. दुचाकीच्या डिकीतून चार-सहा बाटल्या येतात त्यांची बातमी होत नाही. गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तर परवान्याचं दुकान बंद होईल. डिकी कशी बंद होणार?

आमच्याकडे रोज थोडी पिणाऱ्यापेक्षा एका रात्रीत ढोसणारे जास्त घात करून घेतात. शनिवारी हिशेब झाला की आठवड्याची कमाई त्याच रात्री संपवायची. त्या रात्रीच पडणं, मारहाण, गाडी गडग्यावर घालणं. यावर धोरण काय? ३१ डिसेंबरला सरकार पहाटे ५ वाजेपर्यंत बार उघडे ठेवायची परवानगी देतं. तारकर्लीपासून शिरोड्यापर्यंत किनारा गाड्यांनी भरतो, आणि आमची सतरा-अठरा वर्षांची पोरं ते बघत मोठी होतात. कायद्याने त्यांना बिअरसुद्धा २१ व्या वर्षापर्यंत मिळू नये. एका हाताने किंमत वाढवायची आणि दुसऱ्या हाताने रात्र वाढवायची, हे मला पटत नाही.

या वाढीतून १४,००० कोटी जादा महसूल मिळेल, असं सरकारने तेव्हा सांगितलं. किती माणसं पिणं सोडतील याचा आकडा त्यासोबत माझ्या तरी वाचनात आला नाही.

माझ्या सख्ख्या भावाला आम्ही कोल्हापूरला नेलं होतं, दारू सोडवायला. जवळ कुठे सोय मिळाली नाही. पहाटेच्या एसटीत घाटभर तो घामाने निथळत होता, माझा हात सोडत नव्हता. उलट्यांसाठी मी पिशवी धरून बसले होते. असा प्रवास प्रत्येक घराला जमत नाही. त्या वहिनीला तर नाहीच.

म्हणून एवढंच मागते. त्या वाढीव पैशातून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दारू सोडवण्यासाठी चार खाटा आणि त्यातलं कळणारा एक डॉक्टर. गोव्याकडून येणाऱ्या सातार्डा, आरोंद्याच्या आडवाटांवर शनिवारी रात्री गस्त. आणि ३१ डिसेंबरची ती पहाटेपर्यंतची सवलत बंद. पुढच्या ग्रामसभेत हा अर्ज मी ठेवणार आहे. वाडीतल्या एकवीस जणींच्या सह्या झाल्या आहेत. कागद दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलाय, सकाळी सातपासून या. पुरुषांनीही या.