वीस मिनिटांच्या रिब्स आणि चाळीस मिनिटांचं चावणं

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन नातेवाइकांनी टाकला. तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मजकूर साधारण असा: "ओव्हन नको, कोळसा नको! पोर्क रिब्स एअर फ्रायरमध्ये २०० डिग्रीवर फक्त २० मिनिटं. तेल शून्य, त्यामुळे चरबी ८० टक्के कमी. रात्रभर कच्ची पपई लावून ठेवा, मांस हाडावरून आपोआप गळून पडेल. आधी अर्धा तास पाण्यात उकळून पाणी फेकून द्या, नाहीतर डुकरातले किडे मेंदूत जातात. आणि भांडी घासायची कटकटच नाही!" शेवटी जोडलेले हात आणि डुकराचं हसरं तोंड.

वीस मिनिटांच्या कृतीत अर्ध्या तासाचं उकळणं कसं बसलं, हे विचारायचं नाही.

माझं माहेर उत्तनचं, सासर वसईचं. दोन्हीकडे सणाला डुकराचं मांस लागतंच. एअर फ्रायर दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टाने घरी आला आणि मला तो आवडतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण 'जुन्या बायकांना नवीन यंत्रं कळत नाहीत' असं कोणीतरी म्हणणारच. माझं भांडण यंत्राशी नाही, मेसेजशी आहे. म्हणून उकळणं आणि पपई बाजूला ठेवून आधी त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं करून पाहिलं. सातशे ग्रॅम रिब्स, तीन-तीन हाडांचे तुकडे, मीठ, मसाला, २०० डिग्री, २० मिनिटं.

"२०० डिग्रीवर २० मिनिटं"

टोपली बाहेर काढली तेव्हा फोटो काढण्यासारखं दृश्य होतं. तांबूस-काळपट कडा, वर चरबी चुरचुरतेय. थर्मामीटर दोन हाडांच्या मधे खुपसला तर ८४ डिग्री. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबाने डुकराच्या अख्ख्या तुकड्याला आत ६३ डिग्री आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरते. म्हणजे खायला सुरक्षित म्हणाल तर माझ्या रिब्स त्याच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. पण चावायला घेतलं तर मांस हाडाला सायकलच्या ट्यूबसारखं चिकटलेलं. नवऱ्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी ताटाच्या कडेला सरकवली. हा माणूस जेवणाबद्दल तोंडाने कधी तक्रार करत नाही, ताट बघून समजायचं.

मेसेजची मूळ चूक इथे आहे. 'शिजलं' आणि 'मऊ झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिब्समध्ये त्यांच्यात बराच वेळ जातो. बरगड्यांच्या मधले स्नायू म्हणजे डुकराने जन्मभर श्वास घेण्यासाठी वापरलेले स्नायू. त्यांना एका क्षणाची सुट्टी नव्हती, त्यामुळे ते कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या जाळ्यांनी घट्ट विणलेले असतात. मांस साठ-पासष्ट डिग्रीला पोचलं की हे कोलॅजेन आधी आक्रसतं आणि स्नायूंमधलं पाणी पिळून काढतं. त्याचं जिलेटिन होणं, म्हणजे आपण ज्याला 'लुसलुशीत' म्हणतो ते, त्यानंतर हळूहळू होतं. आतलं तापमान नव्वदच्या आसपास काही वेळ टिकलं तर ते पुरं होतं, आणि त्याला ओलावाही लागतो. नुसतं ८४ला टेकून बाहेर आलेली रिब नेमकी सर्वांत वाईट टप्प्यावर असते. पाणी निघून गेलंय, जिलेटिन अजून झालेलं नाही.

त्यात एअर फ्रायरचा स्वभाव नेमका उलटा. नावात फ्रायर असला तरी आत तळणं असं काही होत नाही. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. थोडक्यात लहान ओव्हन, ज्यात गरम हवा जोरात फिरते. फिलिप्सने २०१० मध्ये तो या नावाने बाजारात आणला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हा पंखा पृष्ठभाग झटपट सुकवतो, म्हणून कडा कुरकुरीत होतात आणि रंग चढतो. बटाट्याच्या फोडींना, कोळंबीला, बांगड्याला याहून चांगलं काय हवं? पण दोन हाडांच्या मधल्या चिवट मांसाला वारा नकोय, त्याला वाफेत निवांत बसायचंय.

मग एअर फ्रायरमध्ये रिब्स होतच नाहीत का? होतात. मसाला लावलेले तुकडे बटर पेपरमध्ये आणि त्यावरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचे, १५० डिग्रीवर पाऊण ते एक तास ठेवायचे, मग उघडून २०० वर सहा-आठ मिनिटं. बटर पेपर विसरू नका. आपल्या मसाल्यात व्हिनेगर किंवा कोकम असतं आणि आंबट पदार्थ थेट फॉइलला लागले की ॲल्युमिनियमला खातात, चवीत उतरतं. पुडकंही नीट दाबून बंद करा. फॉइलचं सुटं टोक पंख्याने उडून कॉइलला चिकटतं. माझ्याकडे एकदा झालंय, दिवसभर स्वयंपाकघरात जळका वास होता.

म्हणजे हिशेब वीस मिनिटांचा नाही, तासाभराचा. बाकी मेसेजमध्ये 'एक तास' लिहिलं असतं तर तीन नातेवाइकांनी फॉरवर्ड केलं असतं का, शंकाच आहे.

"तेल शून्य, चरबी ८० टक्के कमी"

हा आकडा जाहिरातीतला आहे आणि तो भरपूर तेलात तळलेल्या बटाट्याच्या चिप्सशी केलेल्या तुलनेतून आला. चिप्सच्या बाबतीत त्याला अर्थ आहे, कारण बटाट्यात स्वतःची चरबी जवळपास नसतेच. जी येते ती कढईतून. पण रिब्स कढईभर तेलात तळतं कोण? आपण त्यांचा रस्सा करतो, इंदियल म्हणजे व्हिनेगर घालून मंद शिजवलेलं मांस करतो, अमेरिकेत लाकडाच्या धुरावर तासन् तास ठेवतात. ज्या तेलात त्या कधी पडल्याच नव्हत्या, ते वाचवल्याचं श्रेय यंत्राला!

रिब्समधली चरबी डुकराची स्वतःची. कच्च्या स्पेअर रिब्सच्या १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागात ती सुमारे २३ ग्रॅम असते, शिजल्यावर १०० ग्रॅममागे ३० च्या आसपास. वाढते कशी? काही चरबी वितळून खाली पडते हे खरं, पण पाणी त्याहून जास्त निघून जातं, म्हणून ताटातल्या तेवढ्याच वजनाच्या तुकड्यात चरबीचा वाटा वाढतो. हलकं खायचं असेल तर चार बरगड्यांच्या जागी दोन खा. मला स्वतःला सणाच्या दिवशी हा उपाय मान्य नाही.

"रात्रभर कच्ची पपई"

मटणाला पपई लावायची सवय आपल्याकडे जुनी आहे, म्हणून हे खरं वाटतं. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, यात वाद नाही. पण ते बाहेरून आत फारसं जात नाही, वरच्या काही मिलिमीटरमध्येच काम करतं. पातळ पसंद्याला किंवा खिम्याला तेवढं पुरतं. रिबमध्ये रात्रभरात वरचा थर पिठूळ होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, आणि हाडाला लागून असलेला चिवटपणा तसाच राहतो. दोन्हीकडून नुकसान. आदल्या रात्री लावायचंच असेल तर मीठ लावा. ते खरंच आत मुरतं आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं.

आंबटाचं काम वेगळं. पोर्तुगीजांनी वसई १५३४ मध्ये घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत घेईपर्यंत दोन शतकं ते इथे होते. त्यांच्या वाइन-लसणातल्या मांसाच्या पदार्थावरून गोव्यात विंदालू झालं आणि आमच्याकडे इंदियल. त्यातला व्हिनेगर चवीसाठी आणि मांस टिकावं म्हणून होता. इंदियल मऊ होतं ते मंद आचेवर झाकण ठेवून तासभर रटरटल्यामुळे.

चिवटपणाचं एक कारण मात्र मेसेजवाल्याला माहीतच नाही. रिब्सच्या हाडांच्या बाजूला एक चिवट पांढुरका पापुद्रा असतो. झिल्ली म्हणा. मसाला तिच्यातून आत जात नाही आणि ती कितीही भाजली तरी प्लॅस्टिकसारखी दाताखाली येते. आमचा मांसवाला ती काढून देत नाही, सांगितलं तर 'बाई, त्याने काय होतंय' म्हणतो. चमच्याचा दांडा एका टोकाच्या हाडावर, झिल्लीच्या खाली सरकवायचा, टोक सुटलं की कोरड्या फडक्याने धरून ओढायचं. फडकं लागतंच, बोटांतून ती निसटते. कधी सरसर एका दमात निघते आणि कधी चार तुकडे होऊन जीव घेते.

"मांस हाडावरून गळून पडेल"

हे चांगल्या रिबचं लक्षण आहे असं सगळेच धरून चालतात. अमेरिकेतल्या बार्बेक्यूच्या स्पर्धांत मात्र गळून पडणारी रिब जास्त शिजलेली मानतात. चावल्यावर तेवढाच घास सुटावा आणि बाकीच्या मांसावर दाताची कड स्वच्छ दिसावी, अशी त्यांची अपेक्षा. माझ्या सासूबाईंना वरच्या दाढा नाहीत, त्यांचं मत वेगळं आहे. घरी तेच चालतं.

"अर्धा तास उकळा, नाहीतर किडे मेंदूत जातात"

या वाक्यावर मी हसणार नाही, कारण आजार खरा आहे आणि आपल्या देशात तो आहेच. पण तो होतो कसा, हे मेसेजमध्ये उलटं सांगितलंय, आणि त्या उलटेपणामुळे लोक चुकीच्या जागी काळजी घेतात.

कच्चं राहिलेलं, अळीच्या गाठी असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या वेगळ्या वाटेने. ज्याच्या आतड्यात असा कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यातून किंवा भाजीपाल्यावरून कोणाच्या पोटात गेली, तर तिथून अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतात. म्हणूनच जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. रिब्सबरोबर कापलेला कच्चा कोबी तुम्ही धुतलात का, आणि स्वयंपाक करणाऱ्याने संडासातून आल्यावर साबण लावला का, हे प्रश्न इथे जास्त कामाचे.

राहिल्या मांसातल्या अळ्या. त्या उष्णतेने मरतात आणि त्यासाठी रिब नव्वदला न्यायचीही गरज नाही. मऊ होईपर्यंत शिजवली की तो प्रश्न कधीच मागे पडलेला असतो. वेगळं उकळून पाणी फेकण्याने एकच गोष्ट नक्की घडते. चव मोरीत जाते.

हाडाजवळ लालसर दिसलं की 'रक्त राहिलं' म्हणून ओरडणारेही असतात. शिजलेल्या मांसातलं ते लाल पाणी रक्त नव्हे, त्यात स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन असतं. शिवाय कोवळ्या जनावराच्या हाडातला लाल मगज झिरपून आजूबाजूचं मांस रंगवतो, मग कितीही शिजवा. रंगावरून भांडण्यापेक्षा थर्मामीटर घ्या.

मी काय करते

आपल्याकडे एक यंत्र आधीपासून आहे, ज्याला पंखा नाही आणि वाफ कोंडून ठेवणं हेच ज्याचं काम आहे. कुकर. दाबाखाली आतलं पाणी १२० डिग्रीच्या आसपास जातं आणि तासाभराचं काम पाव तासात होतं. झिल्ली काढलेले तुकडे, मीठ, लसूण, दोन चमचे व्हिनेगर आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि पंधरा मिनिटं. दाब आपोआप उतरू द्यायचा.

कुकरात उरलेलं पाणी फेकायचं नाही. ते कढईत आटवायचं, त्यात थोडा गूळ आणि बॉटल मसाला. हा आमचा उन्हाळ्यात कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला. कोरडा भुरभुरवून टोपलीत टाकलात तर पंख्याने उडतो आणि कॉइलवर जळतो, म्हणून तो या चिकट रसातच मिसळायचा. रस रिब्सना चोपडून २०० डिग्रीवर सात-आठ मिनिटं, मधे एकदा उलटून. गूळ असल्यामुळे शेवटची दोन मिनिटं काचेला डोळा लावून बसायचं. तांबूस ते काळं हे अंतर फार लहान आहे. माझ्या टोपलीत एका वेळी सहाशे-सातशे ग्रॅम नीट मावतं. एकावर एक रचलंत तर खालचे तुकडे फक्त वाफाळतात.

ही कृती वीस मिनिटांची नाही, पण पपई, फॉइल आणि पाणी फेकणं, तिन्ही वाचतात.

"भांडी घासायची कटकट नाही"

हे लिहिणाऱ्याने टोपली स्वतः कधी घासलेली नाही, एवढं नक्की. रिब्सनंतर खालच्या खणात दोन-तीन चमचे चरबी साचते आणि तापत राहिली तर धूर करते. मी पावाची एक लादी फोडून त्यातला कालचा शिळा पाव जाळीखाली ठेवते, तो चरबी शोषून घेतो. उरलेली सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये थिजते आणि मग प्लंबरची वाट बघायची. गरम असतानाच वाटीत काढते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातच बटाटे परतते, आणि तिसरी रिब कडेला सरकवणारा माणूस त्या ताटात काहीच ठेवत नाही.