धून आहे, आणि उघड आहे

आधुनिक चेंबर संगीतात (म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीतात) धूनच नसल्याने श्रोत्याला धरायला काही उरत नाही, हे लेखातील विधान, निदान ज्या कार्यक्रमात हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकचे १९२८ सालचे चौथे स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या चार तंतुवाद्यांसाठीची रचना) वाजले त्याविषयी तरी, मला मुळीच पटले नाही. त्याच्या तिसऱ्या भागात बाकीची तीन वाद्ये स्वर धरून ठेवतात आणि त्यावर चेलो एकटाच, जवळजवळ आलापीच्या चालीने, दीर्घ धून मांडत जातो. याहून उघड धून ती कोणती?

चौथ्या भागात तर गजाला पूर्ण सुट्टीच असते; तारा फक्त बोटांनी छेडतात. हे क्वार्टेट मी पुढच्या रांगेतून ऐकले, तेव्हा बोटाने जोरात ओढून सोडलेली तार पट्टीवर आपटल्याचा कोरडा आवाज जसा अंगावर आला, तसा ध्वनिमुद्रणात (तेही मोबाइलवर) निम्मादेखील येत नाही.