झेरॉक्स मशिनचा धनी कोण?

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात झेरॉक्स, स्कॅन आणि छपाई एकत्र करणारे एक मोठे मल्टिफंक्शन मशिन आणले. कर सल्लागाराच्या कार्यालयात रिटर्नचे तीन-चार महिने सोडले तर एवढ्या मशिनला पुरेसे काम नसते, म्हणून नवे न घेता वापरलेले, दुरुस्त करून विकायला ठेवलेले मशिन घेतले. ते बसवायला आलेला मेकॅनिक स्क्रीनवर बोटे फिरवता फिरवता मध्येच थांबला आणि म्हणाला, "साहेब, ह्ये आधी कुठल्यातरी दवाखान्यात असणार बघा." मी वाकून पाहिले. 'डॉक्युमेंट बॉक्स' नावाच्या कप्प्यात एकेचाळीस फायली होत्या आणि त्यातल्या पहिलीवर त्याचे बोट पडताच एका बाईंचे डिस्चार्ज कार्ड समोर आले. त्यावर वय, गाव, आजार, झालेली शस्त्रक्रिया आणि विम्याच्या दाव्याचा क्रमांक एवढे सगळे होते. दुसरी फाईल मी उघडू दिली नाही. त्याने दोन बटणे दाबली आणि "पुसलं" असे सांगून तो टोनर भरायला लागला.

नेमके काय पुसले, हे मात्र त्याला सांगता आले नाही. त्याचा दोषही नाही, कारण त्याला पगार मिळतो तो प्रत स्वच्छ निघावी आणि कागद अडकू नये यासाठी.

ज्यांना या यंत्राच्या पोटात काय असते याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. घरात किंवा लहान दुकानात असणाऱ्या साध्या लेसर प्रिंटरला बहुधा डिस्क नसते आणि वीज बंद झाली की त्यातले छापलेले काम निघून जाते, त्यामुळे घरोघरी घाबरून जाण्याचे कारण नाही. मोठी कार्यालयीन मशिने मात्र गेली वीसेक वर्षे पोटात हार्ड डिस्क किंवा एसएसडी घेऊनच येतात. काचेवर कागद ठेवला की त्याचे चित्र आधी त्या डिस्कवर उतरते, मग त्या चित्रावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात, आणि काम संपल्यावर मशिन त्या चित्राची केवळ नोंद खोडते. तलाठ्याने सातबारावरचे नाव कमी केले म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत चित्र तिथेच असते आणि डिस्क काढून संगणकाला जोडली तर सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत मिळू शकते. डिस्कवरची माहिती कूटबद्ध करण्याची आणि प्रत्येक कामानंतर ती जागा पुन्हा लिहून टाकण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, परंतु जुन्या कित्येक मॉडेलांत ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागत असे किंवा मुद्दाम चालू करावी लागत असे, आणि जे मुद्दाम करावे लागते ते आपल्याकडे होत नाही.

त्या बाईंच्या कार्डापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमचे कार्यालय स्टेशन चौकाच्या बाजूला तळमजल्यावर होते. पाणी ओसरल्यावर आम्ही अशिलांच्या फायली गच्चीवर नेऊन एकेक कागद सुटा करून वाळवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर विटांचे तुकडे ठेवले, रात्री पावसाची सर आली तर उचलता याव्यात म्हणून एक मुलगा तिथे झोपायला ठेवला. त्याच आठवड्यात चिखलाने भरलेले आमचे जुने मशिन मी टेबल-खुर्च्यांबरोबर किलोच्या भावाने भंगारवाल्याला दिले. ज्या कागदांसाठी आम्ही गच्चीवर पहारा ठेवला, त्यांतल्या कित्येकांची चित्रे त्या मशिनमध्ये असणार, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही. भिजलेल्या डिस्कवरची माहिती जाणकाराला पुष्कळदा परत मिळवता येते, हे मला नंतर कळले. ती डिस्क आज वितळून गेली असेल किंवा कुठल्या तरी गाळ्यात पडून असेल. त्या वर्षी सांगलीत माझ्यासारखे किती जणांनी केले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

अमेरिकेत अशाच चुकीची किंमत एका विमा संस्थेला मोजावी लागली. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याने घेतलेली मशिने मुदत संपल्यावर डिस्क न पुसता परत केली. २०१० मध्ये सीबीएस वृत्तवाहिनीने वापरलेली मशिने विकत घेऊन तपासली, तेव्हा त्यांतल्या एकात या संस्थेच्या रुग्णांची माहिती सापडली. ३,४४,५७९ लोकांची माहिती उघड झाली असण्याची शक्यता संस्थेने स्वतःच कळवली आणि २०१३ मध्ये १२,१५,७८० डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्यात कोणी हॅकर नव्हता, कोणी पासवर्ड फोडला नव्हता. मशिन दारातून बाहेर गेले, एवढेच घडले होते.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या कार्यालयांत या यंत्राला धनीच नसतो. खरेदी मालक करतो आणि भाव पाहतो. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेला माणूस, टोनर, ड्रम आणि रोलर पाहतो. संगणकाची देखभाल करणारा मुलगा अँटिव्हायरस आणि टॅली पाहतो, आणि मशिनचे विचारले की "ते आमच्याकडे नाही" म्हणून मोकळा होतो. ज्याच्या टेबलाशेजारी मशिन असते तो कारकून फक्त कागद भरतो. मशिनला स्वतःचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता आहे, ब्राउझरमध्ये तो टाकला की उघडणारे स्वतःचे पान आहे, त्यात ॲडमिनचा पासवर्ड आहे आणि अधूनमधून त्याचेही फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे लागते, या गोष्टी कोणाच्याच कामाच्या यादीत नसतात. आपण त्याला संगणक न मानता कपाटासारखे एक फर्निचर मानतो.

त्या पानात काय असते ते मी मुद्दाम बसून पाहिले. 'स्कॅन टू ई-मेल' चालावे म्हणून आमच्या आधीच्या मशिनमध्ये कार्यालयाच्या मुख्य मेलचा पासवर्ड भरून ठेवलेला होता. 'स्कॅन टू फोल्डर'साठी सर्व्हरच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड होता, कारण बसवायला आलेल्या माणसाला त्याशिवाय स्कॅन जाईना. स्क्रीनवर हे पासवर्ड ठिपक्यांत दिसतात, त्यामुळे ते सुरक्षित आहेत असे वाटते. पण त्या पानात शिरलेला माणूस पासवर्ड वाचण्याच्या फंदात पडत नाही. तो मेल सर्व्हरचा पत्ता बदलून तिथे आपल्या लॅपटॉपचा पत्ता घालतो आणि चाचणीचे बटण दाबतो. मग मशिन नेहमीच्या इमानदारीने तो पासवर्ड आपण होऊन त्याच्या हवाली करते. यासाठी त्याला कार्यालयाच्या वायफायवर असणे आणि मशिनचा मूळ पासवर्ड ठाऊक असणे एवढेच पुरते. आमचा वायफायचा पासवर्ड अशिलांना दिसावा म्हणून भिंतीवर लावलेला होता आणि मशिनचा पासवर्ड कंपनीने दिला तोच होता. २०२५ च्या जूनमध्ये तर असे उघड झाले की ब्रदर कंपनीच्या शेकडो मॉडेलांचा मूळ ॲडमिन पासवर्ड मशिनच्या सिरियल नंबरवरून तयार करता येतो, आणि विकल्या गेलेल्या मशिनांत हा दोष नुसत्या फर्मवेअरने पूर्णपणे निघत नाही; ज्याने त्याने पासवर्ड बदलणे हाच उपाय आहे.

बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून होणाऱ्या उपद्रवाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो टाळणे तुलनेने सोपे आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबवर प्यूडीपाय हा स्वीडिश यूट्यूबर आणि आपली टी-सिरीज ही संगीत कंपनी यांच्यात सदस्यसंख्येची चुरस चालू असताना एका पठ्ठ्याने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या प्रिंटरांवर प्यूडीपायच्या बाजूची पत्रके छापली. त्याच्या दाव्यानुसार असे प्रिंटर सुमारे ५० हजार होते. छापण्याचे काम स्वीकारणारा ९१०० हा पोर्ट राउटरवरून बाहेरच्या जगाला मोकळा ठेवला होता, एवढाच काय तो त्या कार्यालयांचा दोष. घरून छपाई करता यावी म्हणून कोणी राउटरमध्ये असे दार उघडून दिले असेल, तर ते बंद करून घ्यावे.

प्रिंटर बिघडला तर कोणालाच नवल वाटत नाही, याचाही फायदा घेतला गेलेला आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पळवले गेले, तेव्हा व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर चोरांनी आधीच गप्प केला होता, आणि कर्मचाऱ्यांना तो नेहमीसारखा बंद पडला आहे असे वाटले.

तथापि सांगलीसारख्या गावात हॅकरपेक्षा ओळखीचा माणूस जास्त जवळ असतो. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागलेली असताना एका अशिलाने ट्रेमधले आपले कागद स्वतःच उचलले आणि त्यांच्याबरोबर पुढच्या माणसाच्या उत्पन्नाचा तपशीलही गेला. संध्याकाळी त्यांनी फोन करून सांगितले म्हणून कळले. ज्याचा तपशील गेला तो त्यांच्याच भावकीतला होता आणि दोघांमध्ये वाटणीचा दावा चालू होता. कागद परत आला, पण त्यावरचे ठेवींचे आकडे वाचून झालेले होते. ज्याचा तपशील गेला त्या अशिलाने पुढच्या वर्षी दुसरा सल्लागार पाहिला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. मशिनपाशी जाऊन पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर येऊ नये अशी सोय त्याही मशिनमध्ये होती, पण ती चालू केलेली नव्हती. आणि चुकलेल्या छपाईचे पाठकोरे कागद कच्च्या आकडेमोडीला वापरण्याची आपली काटकसर! एकाची आकडेमोड ज्या कागदावर करून दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्याच्या पाठीमागे तिसऱ्याचा पॅन आणि आधार क्रमांक असतो. ही सवय मी माझ्या गुरूंकडून उचलली होती आणि ती मोडायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईल असे मला वाटत नाही आणि त्या आकड्याची भीती घालून सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. परंतु माहिती आपल्या वतीने दुसऱ्याने हाताळली तरी जबाबदारी आपलीच राहते, ही या कायद्यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण मशिन दुरुस्तीला गेले की डिस्कही त्याच टेम्पोत जाते.

आमच्याकडे आता मशिनचे धनीपण एका ज्येष्ठ सहकारी ताईंकडे नावानिशी दिले आहे. ॲडमिन पासवर्ड त्यांनी बदलला, स्कॅनसाठी वेगळे मेल खाते काढले आणि सर्व्हरवर त्याच एका फोल्डरपुरता अधिकार असलेले खाते ठेवले. भिंतीवरचा पासवर्ड आता फक्त पाहुण्यांच्या वायफायचा आहे आणि त्यावरून मशिन दिसत नाही. दवाखान्याची ती डिस्क मी काढून घेऊन नवी बसवली आणि मेकॅनिककडून जुनीला ड्रिलने तीन भोके पाडून घेतली. "चांगली चालत होती, दुसऱ्या मशिनला झाली असती," असे तो दोनदा म्हणाला.

एएमसीच्या करारात मात्र गाडी अडली आहे. मशिन बदलताना किंवा परत नेताना डिस्क आमच्याकडेच राहील, असे एक वाक्य मी घालायला सांगितले, तर विक्रेत्याने त्याचे वेगळे अठराशे रुपये मागितले आणि शिवाय असे आजवर कोणी मागितले नाही असेही ऐकवले. सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये कोणी हे वाक्य करारात घालून घेतले असेल, तर किती पैसे मोजले ते कृपया खाली लिहावे. मला पुढच्या सोमवारी त्याच्याशी पुन्हा बसायचे आहे.