वजनाचं ऑपरेशन हा आळशांचा शॉर्टकट? त्या मेसेजला एका पेशंटचं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतोय. शाळेच्या स्टाफ ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि परवा नणंदेने "वहिनी, हे खरं आहे का?" असं विचारून पाठवला. मेसेज थोडक्यात असा: वजन कमी करायचं ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाचा शॉर्टकट. ज्याचा जिभेवर ताबा नाही, तो पोट कापून घेतो. बरेच जण टेबलवरून उठत नाहीत. उठतात ते जन्मभर सूप पितात, त्यांचे केस जातात, बायकांना मुलं होत नाहीत. आणि एवढं करून दोन वर्षांत वजन परत येतंच. त्यापेक्षा रोज चाला, रात्रीचं जेवण सोडा, इच्छाशक्ती ठेवा. खाली विनंती: आपल्या जाड मित्रांना जरूर पाठवा.

मी हे ऑपरेशन करून घेतलं आहे. नागपूरला राहते, महाल भागातल्या एका शाळेत शिकवते. ऑपरेशनच्या वेळी वजन ११८ किलो होतं, उंची ५ फूट २ इंच. डायबेटीसच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडायचा म्हणून रात्री नाकावर सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपावं लागायचं. हा मेसेज वाचून कोणी डॉक्टरकडे जायचं टाळलं, तर त्याची किंमत तो माणूस मोजेल, मेसेज पाठवणारा नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात इच्छाशक्तीपासूनच करते, कारण सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. अंबाझरीला पहाटे चालणाऱ्यांना विचारा, मी तिथे वर्षानुवर्षं दिसले आहे. एका वर्षी १४ किलो कमी केले होते. दुसऱ्या दिवाळीपर्यंत ते परत आले, वर तीन किलो जास्त. त्या वर्षभरात मी चालणं सोडलं नव्हतं, भात सोडलेलाच होता. फक्त भूक अशी लागायची की शाळेत पाचवा तास घेताना हात थरथरायचे.

असं का होतं, याचा नीट अभ्यास झालेला आहे. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जाड माणसांना कडक डाएटवर ठेवून वजन उतरवलं आणि त्यांची हार्मोन्स मोजली. वर्षभरानंतरही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स खाली होती. २०१६ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भरमसाट वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढ्या कॅलरी जाळायला हवं, त्याहून रोज सुमारे ५०० कमी जाळत होतं. बहुतेकांचं वजन परत चढलं होतं. शरीर गेलेलं वजन परत मिळवायला रात्रंदिवस धडपडत असतं. त्या धडपडीशी वीस-वीस वर्षं झगडणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं मला फार क्रूर वाटतं. रोज चालणं उत्तम आहे, मी आजही चालते. पण ११८ किलोच्या, डायबेटीस असलेल्या बाईला "चाला" एवढंच सांगणं म्हणजे उपचार नव्हे.

"पोट कापून टाकतात." यात दोन वेगळी ऑपरेशनं एकत्र केली आहेत. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे पाऊण भाग खरंच काढतात आणि एक अरुंद नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही उतरते. माझं झालं ते गॅस्ट्रिक बायपास. मला डायबेटीसबरोबर ॲसिडिटीचाही जुना त्रास होता आणि स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, म्हणून सर्जनने बायपास सुचवलं. त्यात काहीच काढून टाकत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात, लहान आतडं तिला जोडतात, आणि बाकीचं जठर आतच राहून पाचकरस देत राहतं. अन्न लवकर आतड्याच्या पुढच्या भागात पोचल्यामुळे हार्मोन्स बदलतात. म्हणूनच अनेकांची शुगर वजन उतरायच्या आधी, पहिल्या काही दिवसांतच खाली येऊ लागते. हे सगळं दुर्बिणीतून होतं. माझ्या पोटावर बोटाच्या पेराएवढे पाच व्रण आहेत, बस.

ऑपरेशन टेबलवर दगावणाऱ्यांबद्दल सांगायचं तर भीती मलाही होती आणि घरच्यांना तर जास्तच. २००९ साली अमेरिकेतल्या दहा केंद्रांतल्या ४,७७६ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते, म्हणजे हजारात तीन. तीन हा आकडाही ज्याच्या घरचा, त्याच्यासाठी लहान नाही. जोडाला गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. गाठ होऊ नये म्हणून तर त्याच संध्याकाळी चालायला लावतात. डिसेंबर होता, अधिवेशनामुळे रस्ते बंद, घरचे धंतोलीला पोचेपर्यंत उशीर झालेला. एक हात सलाईनच्या स्टँडवर आणि दुसरा सिस्टरच्या खांद्यावर, अशी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पावलं टाकत होते. मग पलंगावर बसून फुप्फुसांच्या व्यायामाच्या, तीन चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढायचा, पहिला चेंडू वर जाईपर्यंत. ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरलेला असल्याने दुखत होतं ते खांद्यात. हे मला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही.

आता शॉर्टकट. ऑपरेशनच्या आधीच एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी एको, झोपेची तपासणी, डाएटिशियनच्या बैठका आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं झालं. यकृतावरची चरबी उतरावी आणि सर्जनला आत जागा मिळावी, म्हणून दोन आठवडे जवळजवळ फक्त प्रोटीनचं पेय आणि पातळ पदार्थ. ऑपरेशननंतर आधी पाणी, नारळपाणी, मुगाचं गाळलेलं पाणी. मग ताक, पातळ वरण. मग मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. प्रत्येक टप्पा आठवड्यांचा. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या छोट्या कपाने पाणी प्यायचं, तेही दर थोड्या वेळाने घोटभर. एका दमात प्यायलं की छातीत अडकल्यासारखं दुखायचं.

आणि मग नागपूरचा उन्हाळा आला. ज्यांनी इथला मे महिना काढला आहे, त्यांना कळेल. पारा ४५ च्या वर, दुपारी शाळेतून घरी येऊन कूलरसमोर बसल्यावर माणूस काय करतो? माठातला तांब्या तोंडाला लावतो. मला ते चालत नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि तरी दिवसभरात दोन लिटर पोटात गेलंच पाहिजे. म्हणून बाटली सतत हातात आणि सारखे घोट, वर्गातसुद्धा. मुलांना आता त्याची सवय झाली आहे.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन. रोज मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि लोह व कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. हे सगळं जन्मभर. ठरल्या वेळी रक्ततपासणी. डोकं दुखलं म्हणून कॉम्बिफ्लामसारखी गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, कारण बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. दातांच्या डॉक्टरलाही हे आधी सांगावं लागतं. याला कोणी शॉर्टकट म्हणत असेल, तर त्याने यातला एक महिना करून पाहावा.

सुरुवातीला माझी ताटली पाहून मावशी कळवळायची, "एवढंसं खाऊन कसं होईन वं तुह्यं?" आज मी अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, अंडं किंवा पनीर, भाजी असं जेवते. पाटवडीचा रस्सा खाते. तर्रीपोहे खाते, पण आधी तर्रीतले हरभरे आणि जागा उरली तर पोहे. जन्मभर सूप कोणीच पीत नाही. साखर मात्र खरंच चालत नाही. हळदीकुंकवाला आग्रहाने हातावर ठेवलेला संत्राबर्फीचा तुकडा खाल्ला, तर थोड्याच वेळात घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. साखर वेगाने आतड्यात उतरल्याने हे होतं, त्याला डंपिंग म्हणतात. नातेवाईकांना हे एकदा नीट समजावलं की आग्रह थांबतो.

केस गळतात, हो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून माझेही पुंजक्याने गेले आणि वर्षाच्या आत परत आले. त्वचाही सैल पडते. मुलं होत नाहीत हे मात्र उलटं आहे. वजन उतरल्यावर पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. फक्त वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, बाळाला पोषण कमी पडू नये म्हणून.

वजन परत येतं, या वाक्यात थोडं तथ्य आहे. माझं ७४ पर्यंत उतरलं होतं, आता ७८ आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या सुमारे २,००० जणांचा आणि न केलेल्या तेवढ्याच जणांचा माग ठेवला गेला. ऑपरेशन झालेल्यांचं वजन पहिल्या वर्षानंतर थोडं वाढलं, पण २० वर्षांनीही सरासरी १८ टक्के कमीच होतं. मृत्यूंचं प्रमाणही त्यांच्यात स्पष्ट कमी निघालं. मेसेजवाल्याने फक्त "वाढलं" एवढंच उचललं. डायबेटीसचंही तसंच. क्लीव्हलंडच्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली असणारे बायपास गटात २९ टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के. म्हणजे सगळ्यांचा डायबेटीस जात नाही. माझ्या तिन्ही गोळ्या बंद आहेत, सीपॅप कपाटात आहे, तरी तपासणी चालूच आहे.

"आता इंजेक्शनं आली, ऑपरेशन कशाला?" हेही आता विचारलं जातं. मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन २०२५ मध्ये भारतात आलं आणि अनेकांना या औषधांचा चांगला उपयोग होतोय. पण सेमाग्लुटाइड हे असंच दुसरं औषध थांबवलेल्यांचं एका वर्षात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचंही नोंदलं गेलं आहे. कोणाला काय योग्य, ते डॉक्टरबरोबर बसून ठरवायचं.

पैशाबद्दल मेसेज गप्प आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. खर्च काही लाखांत जातो. माझ्या विमा कंपनीने पहिल्यांदा "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" असं लिहून नकार दिला. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून अनियंत्रित डायबेटीस, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास किंवा हृदयविकार असेल, आणि आधीचे साधे उपाय फसले असतील, तर वजनाचं कारण सांगून दावा नाकारता येत नाही. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणि जुन्या डाएटच्या नोंदी जोडून परत अर्ज केला, तेव्हा मंजुरी आली. जुने कागद फेकू नका.

आणि सर्जनकडे गेलात तर दर विचारायच्या आधी हे विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? डाएटिशियन पुढची वर्षं बरोबर असेल का? गुंतागुंत झाली तर आयसीयू इथेच आहे का? आणि घरी गेल्यावर उलट्या थांबेनात, तर रात्री फोन कोण उचलेल? सतत उलट्या झाल्या की बी१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि मेंदूला, नसांना इजा होते, त्यामुळे सकाळपर्यंत वाट पाहून चालत नाही.