गरम नारळपाण्याचा तो मेसेज, आणि बडवे सरांनी खरंच केलेलं काम

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला. टाटा मेमोरियलचे कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे सांगतात म्हणे, खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप कपात टाका, वर गरम पाणी ओता, ते अल्कलाइन होतं आणि कॅन्सरच्या पेशी मारतं, चांगल्या पेशींना काही होत नाही, दहा जणांना पाठवा एक तरी जीव वाचेल. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. म्हणून आता नीट लिहितेच.

एक तर बडवे सर असं बोललेलेच नाहीत, टाटाने स्वतः खुलासा केलाय की मेसेज खोटा आहे. हाच मजकूर आधी लिंबाचा होता, आणि नाव बीजिंगच्या कुठल्याशा प्रोफेसरचं.

अल्कलाइनचं म्हणाल तर रक्ताचा पीएच (म्हणजे ते किती आम्ल, किती अल्कलाइन याचं माप) 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, ते काम फुप्फुसं आणि किडन्या करतात, कपभर पाण्याने तो हलत नाही. आणि नारळपाणी मुळात किंचित आम्लधर्मीच असतं!

आता "करून बघायला काय जातं?" इथे मात्र माझा जीव तुटतो. माझ्या मावशीला तोंडाचा कॅन्सर, त्यात वीस वर्षांची शुगर, किडनी आधीच नाजूक. मेसेजमध्ये काप होते पण ती म्हणाली त्यापेक्षा शहाळंच बरं, रोज दोन शहाळ्यांचं पाणी कोमट करून स्टीलच्या पेल्यात, वर ताटली झाकून. आम्हाला कुणालाच कळलं नाही. पुढच्या केमोआधीच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमच्या आकड्यापुढे एच, म्हणजे हाय, छापून आला आणि केमो पुढे ढकलली. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते किडनीने बाहेर टाकलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात.

शेवटचं, "स्वस्त उपाय डॉक्टर लपवतात". अहो, बडवे सरांनीच एक स्वस्त उपाय तपासलाय! ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे सुद्धा वापरतात ते भुलीचं औषध. भारतातली 11 सेंटर्स, जवळपास 1600 बायका, अर्ध्यांना इंजेक्शन अर्ध्यांना नाही, मग वर्षानुवर्षं फॉलोअप. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या 90.1 टक्के हयात होत्या, बाकीच्यांत 86.4 टक्के. 2023 मध्ये सगळं छापून आलं, कुणीही वाचावं. आणि तेही ऑपरेशनच्या जागी नाही हं, ऑपरेशनच्या सोबत.

सर्च करताना "नारळाने कॅन्सर बरा होतो का" असं टाकलं की तेच सांगणारी पानं पुढे येतात, त्यापेक्षा डॉक्टरचं नाव आणि पुढे "खुलासा" किंवा "फॅक्ट चेक" टाका. घरात पेशंट असेल तर बायॉप्सी रिपोर्टवरचं कॅन्सरचं नाव आणि स्टेज टाकून वाचा, आणि जे सापडेल ते करण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन आपल्याच डॉक्टरला दाखवा. मावशी आता तेच करते, मागच्या वेळी तीन स्क्रीनशॉट घेऊन गेली होती.