ओटीपोटाचे दुखणे आणि ‘पिशवी काढून टाका’ हे उत्तर

निफाड तालुक्यात राहणाऱ्या आमच्या मोठ्या जाऊबाईंची गर्भपिशवी त्यांच्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षी काढली गेली. ओटीपोट दुखते, कंबर भरून येते आणि अंगावरून पांढरे जाते, एवढ्या तक्रारी घेऊन त्या एका खासगी दवाखान्यात गेल्या होत्या. तेथे एक सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले आणि पंधरा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू होण्यापूर्वी सगळे उरकावे अशी घरच्यांनाही घाई होती, आणि त्या घरच्यांमध्ये मीही होते. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढल्याचे आम्हाला डिस्चार्जच्या कागदावरून समजले. दुखणे मात्र जागच्या जागी राहिले. त्यात अंगातून वाफा निघणे, झोप उडणे आणि सांधे धरणे यांची भर पडली.

त्यानंतर सात वर्षांनी आम्ही त्यांना नाशिकला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. बाईंनी पहिली अर्धी घटका काहीही तपासले नाही, केवळ विचारले. दुखणे पाळीच्या दिवसांत वाढत होते का, लघवी साठल्यावर दुखते का, शौचास झाल्यावर बरे वाटते का, संबंधाच्या वेळी त्रास होतो का, दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी जडपणा येतो का, अशी ती विचारणा होती. नंतर त्यांनी जाऊबाईंना पाठीवर झोपवून दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आणि मान उचलायला सांगितली. मान उचलताच दुखणे वाढले. असे झाले तर दुखण्याचा उगम बहुधा पोटाच्या आतील अवयवात नसून पोटाच्या भिंतीच्या स्नायूंत किंवा नसांत असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आतून तपासल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडलेले आढळले. जे दुखत होते ते पिशवी काढून थांबणारच नव्हते.

ही चूक कशी होते, हे मला समजून घ्यायचे होते. बाईच्या ओटीपोटात दुखले की आपण सरळ गर्भाशयाकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात त्या चिंचोळ्या जागेत मूत्राशय, आतडे, स्नायू, सांधे, नसा आणि शिरा अशी कितीतरी दाटी असते आणि यांपैकी कोणीही दुखू शकते. सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या दुखण्याला वैद्यकात दीर्घकालीन दुखणे म्हणतात आणि त्याची कारणे बहुतेक वेळा एकाहून अधिक असतात. त्यातच दुखणे फार काळ चालले की मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणाच हळवी होते, म्हणजे मूळ कारण निवळले तरी दुखणे चालूच राहते. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे अशा बाईला सांगणे हा तिच्यावर केलेला अन्याय आहे, असे मी जबाबदारीने म्हणते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते एंडोमेट्रिओसिसकडे. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, आतड्यावर किंवा पोटाच्या आतील पडद्यावर वाढते. तेथे सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि तरीही निदान व्हायला वर्षानुवर्षे लागतात. बीजांडकोशातील चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात जुने रक्त साठून झालेली गाठ, सोनोग्राफीत दिसते, पण पडद्यावरचे बारीक ठिपके दिसतीलच असे नाही, म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे आजार नाही असे ठरत नाही. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे सुरू करण्यासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत थांबण्याचीही गरज राहिलेली नाही. डायनोजेस्टसारखी संप्रेरकाची गोळी किंवा गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी यांनी पुष्कळ जणींचे दुखणे आटोक्यात येते. गरज पडल्यास दुर्बिणीतून गाठी काढता येतात.

आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. बहुधा खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, आणि पाळी कमी होणे, मूल न राहणे, ओटीपोटात बारीक दुखत राहणे एवढीच लक्षणे असतात. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून घ्यावा लागतो; औषधे साधारण सहा महिन्यांची असतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

मूत्राशयाविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण ते आपल्या जिल्ह्याच्या कामाशी जोडलेले आहे. दिंडोरी-पिंपळगावच्या बागांत विरळणी आणि डिपिंगच्या (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या) दिवसांत बायका सकाळपासून हात वर करून उभ्या असतात, आडोसा नसतो म्हणून पाणी पीत नाहीत आणि लघवी तुंबवून धरतात. मग जळजळ होते आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या येतात. लघवीत खरेच जंतू आहेत का हे दाखवणारी कल्चर तपासणी कोणी करत नाही. जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशय दुखू शकते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत, हे तर सांगायलाच कोणी नसते. बागेजवळ बायकांसाठी एक स्वच्छतागृह उभे करणे हा मला उपचाराचाच भाग वाटतो.

गर्भाशय काढणे कधीच योग्य नसते, असे मी म्हणत नाही. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, कर्करोग अशा वेळी ती शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. पण अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात हा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा आपण ‘तिकडचे’ म्हणून वाचून सोडून दिले होते. तरुण वयात बीजांडकोश गेले की हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. निदान हे तरी शस्त्रक्रियेपूर्वी सांगायला नको का?

जाऊबाईंना औषधांबरोबर ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी दिली गेली. त्यात स्नायू बळकट करण्याआधी ते सैल सोडायला शिकवतात; पोटातून श्वास, शेक, हळूहळू ताण देणे असा तो क्रम असतो. पाच महिन्यांनी त्या रात्री सलग झोपू लागल्या. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण आता ते त्यांना दिवसभर अंथरुणावर पाडत नाही. हाडांसाठी मात्र गोळ्या चालूच आहेत.

एक गोष्ट निकडीची म्हणून सांगते. एकाएकी असह्य कळ येणे, भोवळ येणे, दुखण्यासोबत ताप, पाळी चुकलेली असताना दुखणे किंवा पाळी बंद झाल्यानंतर रक्त जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

जाऊबाईंची मुलगी सोळा वर्षांची आहे आणि दर महिन्याला दोन दिवस तिची शाळा बुडते. ‘लग्न झाले की थांबेल’ असे सासूबाई म्हणतात. मी तिला एक शंभर पानी वही दिली आहे. तारीख, दुखण्याची जागा, दहापैकी किती दुखले, लघवी-शौचाच्या वेळी काय झाले आणि कोणती गोळी घेतली, हे ती त्यात लिहिते. तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या आहेत. येत्या गुरुवारी तिला घेऊन आम्ही दोघी त्याच बाईंकडे जाणार आहोत.