तीन पेड आणि चौथा सिंह

मी पहिल्यांदा काशीला निघालो तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि नौपाड्यातल्या मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत पोचलो होतो. मुंज लागली की त्याच मांडवात सोडमुंज उरकून टाकायची आमच्याकडे पद्धत. हातात छत्री, पायात दोन मापं मोठ्या चपला, अशा थाटात मी 'काशीला जातो' म्हणून निघालो आणि ठरल्याप्रमाणे मामाने दारात अडवलं. "जाऊ नकोस, माझी मुलगी देतो तुला." मामाला दोन्ही मुलगे. ही फसवणूक मला तेव्हाही कळत होती, पण बाहेर ऊन होतं आणि आत जिलब्या होत्या. मी परत फिरलो.

त्यानंतर काशीचं खातं आईकडे गेलं. काशीस जावे, नित्य वदावे. नुसतं 'जायचंय' म्हटलं तरी पुण्य लागतं, या हिशेबाने ती रोज सकाळच्या चहाबरोबर थोडं थोडं पुण्य साठवत होती. बिनखर्चाचं असल्यामुळे माझीही हरकत नव्हती. पण बाबांना जाऊन वर्ष झालं आणि एका सकाळी आईने वदणं थांबवून तारीख विचारली.

त्या चहाला वरच्या मजल्यावरचे काका हजर होते. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पक्के बौद्ध, आणि सारनाथ-बोधगया त्यांच्याही मनात बरीच वर्षं.

"भाऊजी, तुमचे बुद्ध आणि आमचा विश्वनाथ शेजारी शेजारीच राहतात म्हणे," आई म्हणाली.

"दहा किलोमीटर, वहिनी. ठाण्याहून विक्रोळी धरा."

बसच्या मागच्या बाकावर व्हावं तितक्या सहज ठरलं. प्रयाग, काशी, सारनाथ, गया, बोधगया. आई, काका, बायको आणि सामानासाठी मी.

तिकिटं मी काढली. महानगरी एक्सप्रेसची, चौदा तारखेची. ही गाडी सीएसएमटीहून रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि मग आपल्या ठाण्याला येते. तेरा तारखेला रात्री नऊ वाजता मी पायजम्यात, दहीभात खात, "उद्या रात्री निवांत निघू" असं सांगत होतो. काकांनी तिकीट हातात घेतलं. चष्मा कपाळावर सारला.

"बारानंतर तारीख बदलते रे. मी अडतीस वर्षं शिक्क्यातली तारीख बदललीय. तुझी गाडी आज आहे."

पुढच्या दोन तासांचं वर्णन मी करणार नाही. आईची बॅग आठवडाभर आधीच भरलेली होती आणि ती दारात खुर्ची टाकून, मांडीवर पर्स घेऊन, माझ्याकडे नुसती बघत बसली होती. एवढं पुरे. बिल्डिंगमधल्या अकरा घरांनी गंगेसाठी दिलेल्या रिकाम्या बाटल्या मात्र त्या गडबडीतही बरोबर आल्या. फलाटावर त्यांच्या पिशवीचा असा खडखडाट होत होता की दोन हमालांनी माझ्याकडे भंगारवाला म्हणून आदराने पाहिलं.

प्रयागला वेणीदान. ज्यांना माहीत नाही त्या भाग्यवान पुरुषांसाठी सांगतो. संगमावर नवऱ्याने बायकोची वेणी घालायची, तिचं दोन बोटं टोक कापायचं आणि ते पाण्यात सोडायचं. ते केस तरंगत नाहीत, बुडतात, अशी श्रद्धा आहे. हे सगळं होडीतून मध्यापर्यंत जाऊन, पाण्यात बांधलेल्या डुगडुगत्या फळ्यांवर करायचं. एका बाजूने गंगा मातकट, दुसऱ्या बाजूने यमुना हिरवट, आणि दोघींची शिवण अगदी डोळ्यांना दिसते. सरस्वती गुप्त.

मी आयुष्यात बुटाच्या नाडीपलीकडे काही बांधलेलं नाही. गुरुजी म्हणाले, "तीन हिस्से कीजिए." केले. डावा पेड मधल्यावर घेतला, उजवा त्याच्यावर घेतला, आणि तिसरा हातात नव्हता. पुन्हा केले. पुन्हा तिसरा सरस्वतीसारखा गुप्त. बायकोच्या केसांना सकाळीच तेल लावलेलं, माझी बोटं घामाने ओली, मागे चार जोडपी रांगेत. त्यातला सोलापूरकडचा एक गृहस्थ तर माझ्याकडे बघत स्वतःच्या धोतराच्या सोग्यावर सराव करत होता.

"ओढू नका हो," बायको म्हणाली. "लग्नाला बावीस वर्षं झाली, एकदा तरी बघितलं असतंत मी कशी घालते ते."

हे ती साध्या आवाजात म्हणाली, पण होडीतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. शेवटी जे तयार झालं त्याला गुरुजींनी उदार मनाने वेणी म्हटलं. टोक कापून सोडलं, ते बुडालं. काका होडीतच बसून होते. "तुम्ही बुडा, मी चपला सांभाळतो," हे त्यांनी ठाण्यातच सांगितलं होतं. बाटल्याही त्यांनीच भरून दिल्या आणि प्रत्येकीवर फ्लॅट नंबर घातला. खात्याची सवय.

काशीबद्दल सगळे सगळं लिहितात, त्यामुळे मी आईबद्दल लिहितो. विश्वनाथाची रांग नागमोडी, आणि आई तिच्यात चार फूट अकरा इंचांची. पण आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं हे तिला ठाऊक होतं आणि ते तिने रांगेत पुढे असलेल्या प्रत्येकाला ठाण्याच्या हिंदीत सांगितलं. "हमारे बाईने बंधाया हय." सूर असा, की घरची माणसं आलीत, जरा सरका. लोक सरकले! २०२१ मध्ये मंदिरापासून थेट गंगेपर्यंत मोठं आवार मोकळं केलंय. तिथे उभं राहून ती म्हणाली, "आपल्या तलावपाळीला कोपिनेश्वरासमोर एवढी जागा असती, तर पार्किंगच केलं असतं मेल्यांनी." गंगा इथे उलटी, म्हणजे उत्तरेकडे वाहते, हेही तिने घाटावर बसून तपासलं. सूर्य कुठे उगवला ते बघून, हाताने दिशा लावून. समाधान झाल्यावरच आंघोळ.

सारनाथचा दिवस मी शुक्रवार ठरवला होता. धामेक स्तूप पाहिला. विटांचा आणि दगडांचा तो प्रचंड दंडगोल, चाळीसेक मीटर उंच. काकांनी त्याला शांतपणे तीन फेऱ्या घातल्या. इथेच बुद्धांनी पहिल्या पाच जणांना उपदेश केला. आईनेही फेऱ्या घातल्या, कारण गोल दिसलं की तिचे पाय आपोआप चालतात. मग काका म्हणाले, "आता सिंह."

संग्रहालयाच्या फाटकावर कुलूप. शुक्रवारी बंद असतं.

मी चुकून दुसऱ्या गाडीत बसलो असतो तरी इतकं वाईट वाटलं नसतं. काका काही बोलले नाहीत. खिशातून दहाची नोट काढून त्यांनी ती उन्हात धरली. "हे शुक्रवारीही उघडं असतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नोकरीभर हे सिंह बघितले रे. पाकिटांवर, शिक्क्यांवर, पगाराच्या कागदावर. पण तीनच. चौथा पाठीमागे असतो. तो बघायचा होता."

अशोकाच्या स्तंभाचं ते शीर्ष १९५० मध्ये आपलं राजचिन्ह झालं, हे शाळेत पाठ केलेलं. चौथा सिंह बघायची इच्छा कुणाला असू शकते, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. गयेची गाडी पुढे ढकलली. जादा भाडं मी भरलं आणि बायकोने ते का, असं विचारलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. शनिवारी दार उघडताच काका आत शिरले, समोर थांबलेच नाहीत, तडक मागे गेले. दहा मिनिटांनी परत आले.

"कसा आहे?"

"बाकीच्यांसारखाच," काका म्हणाले. चेहरा मात्र बढतीचं पत्र हातात पडल्यासारखा.

गयेला बाबांचे पिंड. विष्णुपदाचं देऊळही अहिल्याबाईंचंच, त्यामुळे आई इथेही माहेरी आल्यासारखी. फल्गू नदी वरून कोरडी, वाळूखालून वाहते. सीतेने दशरथाला वाळूचे पिंड दिले, आणि राम आल्यावर फल्गूने साक्ष फिरवली, म्हणून सीतेचा शाप. देवळापाशी मात्र आता पाणी दिसतं. आईने विचारलं, "शाप संपला का रे?" शाप नव्हता संपला, २०२२ मध्ये तिथे रबराचा बांध घातलाय.

विधी चालू असताना मी विनोद केले नाहीत. बाबांचं नाव, गोत्र मोठ्याने म्हणताना आवाज जरा हललाच. ते तिथेच ठेवतो.

शेवटी अक्षयवटाखाली गयावळ, म्हणजे तिथले पंडे, म्हणाले, "एक फल, एक सब्जी त्यागिए." हा भाग मला आधीपासून माहीत होता आणि मी तयारीने गेलो होतो. आवडती वस्तू सोडायची असते म्हणे, पण आमच्या घराण्याचा इतिहास वेगळा आहे. आजोबांनी इथेच कारलं सोडलं. थोरल्या काकांनी पडवळ. आईने मोठ्या त्यागाचा चेहरा करून रामफळ सोडलं, जे ठाण्याच्या बाजारात वर्षातून एकदा दिसतं. बायकोने मनातल्या मनात काय सोडलं ते तिने अजून सांगितलेलं नाही आणि मला विचारायचं धैर्य नाही. मी फळात पपनस टाकलं आणि भाजीत, चाळीस वर्षांचा सूड म्हणून, दणक्यात सांगितलं, "तोंडली!"

आई वळून माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, मुलाचा अभिमान.

बोधगयेला महाबोधी मंदिरात फोन नेता येत नाही, त्यामुळे सगळ्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. बोधिवृक्षाखाली पिवळी, मरून, पांढरी वस्त्रं, निरनिराळ्या भाषांतले पाठ. आई काकांच्या कानाशी लागली, "भाऊजी, पिंपळ आहे, पाणी कुठून घालायचं?"

"घालायचं नाही, वहिनी. इथे नुसतं बसायचं."

आईला नुसतं बसणं माहीत नाही. तरी ती बसली. झाडाचं पान तोडत नाहीत. आपणहून गळलं तर घ्यायचं, म्हणून निम्मी माणसं ध्यानात आणि निम्मी वर बघत. मी भिंतीला टेकलो, वाऱ्याची झुळूक आली आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा माझ्या मांडीवर पान होतं आणि दोन भिक्षू, एक जपानी आजी आणि माझी आई माझ्याकडे टक लावून बघत होते.

"बुद्ध म्हणजे जागा झालेला," काका हळूच म्हणाले. "त्याच झाडाखाली घोरून पान मिळवणारा तू पहिलाच असशील."

पान आईने पोथीत ठेवलं. संध्याकाळी निरंजना नदीवर गेलो. काका म्हणाले, काल जिच्या वाळूत बसलात तीच ही, खाली गेल्यावर हिला फल्गू म्हणतात. सुजाताने बुद्धांना खीर दिली तीही इकडेच. "राज्य सोडलं, घर सोडलं, आणि शेवटी उपास करणंही सोडलं," काका म्हणाले. "तुम्ही मात्र तोंडल्यावर येऊन थांबलात."

ठाण्याला परत आल्यावर रविवारी मावंदं घातलं. गंगापूजन झालं, अकरा बाटल्या फ्लॅट नंबरप्रमाणे पोचल्या. दहा दिवस पुरी आणि बटाट्याचा रस्सा खाल्लेल्या पोटाने मी पहिल्याच पंगतीला बसलो. डाव्या बाजूला कोशिंबीर, लिंबू, वाटीत मठ्ठा. मग आई स्वतः मोठं पातेलं घेऊन आली. झाकण काढलं. काळ्या मसाल्याची वाफ, वर खोबरं-कोथिंबीर, साजूक तूप, मसालेभात. आणि प्रत्येक शितामागे उभी चिरलेली, मऊ शिजलेली, मसाला प्यालेली तोंडली.

"अगं, वेचून दे ना," मी म्हणालो.

"वेचून कशी? रस उतरलाय सगळा भातात. गयेला सोडलंस ना बाळा." तिने माझ्या पानात पांढरा भात वाढला आणि पातेलं घेऊन शेजारच्या पानाकडे वळली.

शेजारी काका होते. त्यांनी कुठे काहीच सोडलं नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, जरा तोंडली जास्त येऊ द्या."